सत्तेचाळीस वर्षांचं गिऱ्हाईक सोडताना: नॉर्मन रॉकवेलचं एक प्रकरण

प्रकरण लिहिताना माणसांची नावं झाकायची पद्धत आहे. इथे मुख्य माणूस झाकून भागणार नाही. त्याची सही चित्राच्या कोपऱ्यात छापील अक्षरांइतकी ठळक असते, आणि चित्राचं वर्णन दोन ओळी पुढे गेलं की वाचणारा नाव ओळखतोच. पण ज्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आणि त्यांच्या पोराबाळांनी त्याच्यासमोर तासन्‌तास पोझ दिली, त्यांची नावं मी मुद्दाम गाळली आहेत.

प्रश्न या धंद्यात रोज पडणारा आहे. ज्या गिऱ्हाइकानं आपल्याला नाव दिलं, पैसा दिला, तेच आता आपल्याकडून आपल्याला नको असलेलं काम मागतंय, आणि जे करावंसं वाटतंय ते छापणार नाही म्हणतंय. सोडायचं का? नॉर्मन रॉकवेल या अमेरिकन मुखपृष्ठ-चित्रकाराला हा प्रश्न पडला तेव्हा तो 69 वर्षांचा होता आणि गिऱ्हाईक 47 वर्षांचं होतं.

पार्श्वभूमी

रॉकवेलचा जन्म 1894 सालचा, न्यूयॉर्कचा. एकोणिसाव्या वर्षी तो ‘बॉइज लाइफ’ या स्काउट मुलांच्या मासिकाचा कलासंपादक झाला होता. बाविसाव्या वर्षी त्यानं धीर करून फिलाडेल्फिया गाठलं आणि ‘सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’ या साप्ताहिकाच्या कचेरीत आपली चित्रं दाखवली. त्या काळी अमेरिकेत पोस्टच्या मुखपृष्ठापेक्षा मोठी भिंत चित्रकाराला मिळत नव्हती. 20 मे 1916 च्या अंकावर त्याचं पहिलं चित्र आलं.

ते चित्र नीट बघण्यासारखं आहे, कारण पुढच्या सहा दशकांची युक्ती त्यात आहे. रविवारचा कोट, डोक्यावर गोल हॅट असा एक मुलगा बाबागाडी ढकलत चालला आहे. कोटाच्या वरच्या खिशात दुधाची बाटली. शेजारून बेसबॉलच्या कपड्यातले दोन मित्र जाताहेत, एकानं तर टोपी उचलून मुजरा केल्याचं सोंग आणलंय. आता यातले ते दोन मित्र काढून टाका. काय उरतं? भावंडाला फिरवणारा एक गुणी मुलगा. कॅलेंडरवर चालेल, लक्षात राहणार नाही. त्या मुलाची फजिती त्याच्या चेहऱ्यावर नाहीच मुळी. ती बघणाऱ्यांच्या चेहऱ्यावर आहे.

रॉकवेलची चित्रं म्हणजे गोडगोड घरं, कुत्री, आजोबा आणि टर्की, असं म्हणून हात झटकणारे पुष्कळ आहेत. मला वाटतं, त्याचं खरं कसब विषयात नव्हतं. चित्रात बघणारा कुठे उभा करायचा, हे त्याला कळत होतं. 1943 सालचं ते प्रसिद्ध जेवणाचं चित्र घ्या. आजी टर्कीचं ताट टेबलावर ठेवतेय, सगळे एकमेकांकडे बघून हसताहेत. पण उजव्या खालच्या कोपऱ्यात एक अर्धा चेहरा थेट आपल्याकडे वळलेला आहे. तेवढ्यानं आपली खुर्ची त्या पंगतीत मांडली जाते. 1951 सालच्या चित्रात स्टेशनाजवळच्या साध्या खानावळीत एक म्हातारी आणि लहान मुलगा जेवणाआधी मान खाली घालून प्रार्थना करताहेत. टेबलाला जागा नाही म्हणून त्याच टेबलावर दोन तरुण बसलेत, एकाच्या तोंडात सिगारेट. ते नुसते बघताहेत. हसत नाहीत, हात जोडत नाहीत. चित्र धर्माविषयी आहे की शेजाराविषयी, हे त्या दोघांच्या नजरेवर ठरतं.

कामाची पद्धत वेळखाऊ होती. आधी कल्पनेचं छोटं रेखाटन, मग संपादकाची मान्यता. मग शेजारपाजारची माणसं बोलावून, स्वतः अभिनय करून दाखवत त्यांच्याकडून हावभाव काढून घ्यायचे आणि फोटो काढायचे. 1930 च्या दशकाच्या मध्यापासून तो फोटोंवर भर द्यायला लागला. त्या फोटोंवरून पूर्ण आकाराचं कोळशाचं रेखाटन, मग रंगांचा छोटा कच्चा आराखडा, आणि शेवटी कॅनव्हासवर तैलरंग. हे सगळं अशा चित्रासाठी, जे छापून आल्यावर हातभर आकाराचं होणार आणि आठवड्यानं रद्दीत जाणार.

आपल्याकडे दिवाळी अंक विकत घेताना मुखपृष्ठ बघून हात पुढे करणाऱ्या पिढ्या होऊन गेल्या, त्यामुळे या माणसाचं महत्त्व समजावून सांगावं लागू नये. रघुवीर मुळगावकर आणि दीनानाथ दलाल यांनाही ‘कॅलेंडरवाले’ म्हणून नाकं मुरडणारे भेटले आणि लोकांनी त्यांची चित्रं जपून ठेवली. फरक एकच, आणि तो या प्रकरणात मोठा आहे: दलालांनी 1945 साली स्वतःचा ‘दीपावली’ अंक काढला. रॉकवेलचा मालक शेवटपर्यंत दुसराच कुणीतरी होता.

अडचण कुठे होती

पोस्टसाठी रॉकवेलनं तीनशे वीसहून अधिक मुखपृष्ठं केली. संपादक बदलत गेले. पहिला जॉर्ज होरेस लॉरिमर. त्याचा एक नियम रॉकवेलनं खूप उशिरा, म्हातारपणी एका मुलाखतीत सांगितला. काळी माणसं दाखवायची तर नोकरचाकरांच्या कामातच दाखवायची. एका चित्रात घातलेला काळा माणूस त्याला रंगानं बुजवावाही लागला होता.

हा नियम त्यानं पाळला. इथे त्याची बाजू घेत बसण्यात अर्थ नाही. लॉरिमर 1936 साली संपादकपदावरून गेला, वहिवाट राहिली. 7 डिसेंबर 1946 च्या मुखपृष्ठावर आगगाडीच्या डायनिंग कारमध्ये एकटा प्रवास करणारा एक मुलगा बिल हातात घेऊन हिशेब जुळवतोय आणि काळा वेटर शेजारी उभा राहून समजुतीनं बघतोय. चित्र प्रेमळ आहे, वेटर रुबाबदार आहे, आणि तरी तो नियमात बसतो.

दुसऱ्या महायुद्धात रॉकवेलला पहिल्यांदा मोठ्या विषयाची चव लागली. अध्यक्ष रूझवेल्ट यांनी जानेवारी 1941 च्या भाषणात चार स्वातंत्र्यं मांडली होती: भाषणाचं, उपासनेचं, अभावापासूनचं आणि भयापासूनचं. रॉकवेल चित्रांच्या कल्पना घेऊन वॉशिंग्टनला गेला. सरकारी खात्यांनी दाद दिली नाही. परतीच्या वाटेवर पोस्टचा संपादक बेन हिब्ज यानं मात्र ती उचलली. 1943 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये चार अंकांत चारही चित्रं छापली गेली, मग मूळ चित्रं गावोगाव फिरली आणि त्या दौऱ्यात 13 कोटी डॉलरहून अधिक रकमेचे युद्धरोखे विकले गेले. एखाद्या मुखपृष्ठवाल्यानं देशाच्या मनावर एवढा ताबा मिळवल्याचं दुसरं उदाहरण पटकन आठवत नाही.

पण युद्ध संपल्यावर पुन्हा तेच: कुत्रा, न्हावी, प्रेमपत्र. 1953 साली तो व्हर्माँटमधल्या आर्लिंग्टनहून मॅसॅच्युसेट्समधल्या स्टॉकब्रिजला राहायला आला. कारण घरचं होतं. दुसरी पत्नी मेरी हिच्यावर तिथल्या मानसोपचार केंद्रात उपचार चालू होते. त्याच केंद्रात एरिक एरिक्सन होता, आणि रॉकवेल स्वतःही त्याच्याकडे जायला लागला. चित्रांत सुखी घर रंगवणारा माणूस आठवड्यातून ठरलेल्या वेळी मानसोपचारतज्ज्ञासमोर बसतो, यात ढोंग शोधणारे शोधतात. मला त्यात ढोंग दिसत नाही. आयुष्य जसं असावंसं वाटतं तसं मी रंगवतो, असं तो उघडच म्हणायचा. 1959 साली मेरी अचानक गेली.

याच सुमाराला पोस्टही बदलत होतं. खप साठ लाखांच्या घरात, पण जाहिराती टीव्हीकडे चाललेल्या. 1961 मध्ये अंकाचा चेहरामोहरा बदलण्यात आला. गोष्ट सांगणारी मुखपृष्ठं जुनाट वाटायला लागली आणि रॉकवेलकडून पुढाऱ्यांचे चेहरे मागवले जाऊ लागले. 19 जानेवारी 1963 च्या अंकावर त्यानं काढलेले पंडित नेहरू आहेत. चीनचं युद्ध संपून जेमतेम दोन महिने झाले होते. मे महिन्यात इजिप्तचे नासर. व्यक्तिचित्रं चांगली आहेत. पण चेहऱ्याच्या चौकटीत बघणारा उभा करायला जागाच नसते. ज्या एका गोष्टीत या माणसाचा हात कुणी धरू शकत नव्हतं, नेमकी तीच त्याच्याकडून काढून घेतली गेली होती.

इतक्यात घरातही एक बदल झाला होता. 1961 साली त्यानं मॉली पंडरसन या निवृत्त शिक्षिकेशी लग्न केलं. बाई वाचणारी, राजकीय मतं स्पष्ट असलेली. देशात वंशभेदाविरुद्धची चळवळ पेटलेली होती, आणि स्टॉकब्रिजच्या त्या घरात जेवताना कुत्र्यांच्या चित्रांविषयी बोलणं होत असेल असं वाटत नाही.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय, आहे तिथे राहणं. पैसे चोख, नाव शाबूत, काम तुलनेनं सोपं. सत्तरीच्या उंबरठ्यावर बहुतेकांनी हेच केलं असतं, आणि त्यांना कुणी बोललंही नसतं.

दुसरा, हात आवरता घेणं. आत्मचरित्र 1960 साली येऊन गेलं होतं. स्काउट कॅलेंडरं होती, जाहिरातींची कामं होती. म्हाताऱ्या माणसाची गाडी त्यावर आरामात चालली असती.

तिसरा, ‘खरा’ चित्रकार होणं. हा पर्याय हसण्यावारी नेऊ नका. तो त्याच्या मनात ठसठसत असणार, याचा पुरावा त्यानंच ठेवलाय. 13 जानेवारी 1962 च्या मुखपृष्ठावर करड्या सूटमधला एक गृहस्थ पाठमोरा उभा राहून जॅक्सन पोलॉकच्या धर्तीवर रंग उडवलेलं भलंमोठं चित्र बघतो आहे. ते रंग उडवण्याचं कामही रॉकवेलनं मनापासून केलंय. आणि गंमत अशी की अमूर्त चित्राची थट्टा करायची सोपी संधी असूनही त्यानं ती घेतलेली नाही. त्या गृहस्थाचा चेहरा आपल्याला दिसतच नाही. आवडलं की नाही, कळत नाही. इथेही बघणाराच नायक.

चौथा, दुसरं नियतकालिक. ‘लुक’ हे पंधरवड्यानं निघणारं, मोठ्या पानांचं, फोटोंवर चालणारं आणि सामाजिक प्रश्नांना हात घालणारं नियतकालिक होतं. कलादिग्दर्शक ॲलन हर्लबर्ट याला रॉकवेल हवा होता. धोका उघड होता: उत्तमोत्तम छायाचित्रकार ज्या अंकात काम करतात, तिथे कॅनव्हासवर महिनोन्‌महिने घासलेलं चित्र कशाला? जे कॅमेऱ्यानं दाखवून झालंय, ते हातानं पुन्हा काढून काय साधणार?

आणखी एक पर्याय असू शकला असता. छापण्यासाठी नाहीच, स्वतःसाठी काढायचं आणि प्रदर्शनात टांगायचं. त्याच्या बाबतीत तो पर्याय नव्हता, असं मी धरून चालतो. छापून न आलेलं चित्र मुखपृष्ठवाल्याला अर्धवट वाटतं. गॅलरीत पन्नास माणसं येतात, अंक लाखो घरांत जातो.

काय केलं

1963 च्या शरद ऋतूत त्यानं पोस्टला कळवलं की आता जे काम करायचंय ते तुमच्या आखणीत बसणारं नाही. भांडण नाही, जाहीर पत्रक नाही. पोस्टनं डिसेंबरमध्ये त्याचं एक मुखपृष्ठ आणखी छापलं, पण ते 1960 सालचंच केनेडींचं व्यक्तिचित्र होतं. नोव्हेंबरमध्ये केनेडींची हत्या झाली होती. सत्तेचाळीस वर्षांच्या संबंधाचा शेवट अशा पुनर्मुद्रणानं झाला.

लुकसाठी त्यानं निवडलेली घटना तीन वर्षं जुनी होती, आणि निर्णय म्हणून हे मला फार महत्त्वाचं वाटतं. 14 नोव्हेंबर 1960 रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये रूबी ब्रिजेस ही सहा वर्षांची काळी मुलगी विल्यम फ्रँट्झ या तोवर फक्त गोऱ्यांच्या असलेल्या प्राथमिक शाळेत गेली. बाहेर शिव्या देणारा जमाव, म्हणून बरोबर चार केंद्रीय मार्शल. गोऱ्या पालकांनी आपली मुलं घरी नेली, आणि पुढे वर्षभर एका वर्गात एकटी रूबी आणि तिला शिकवणाऱ्या एकच बाई. वडिलांची पेट्रोल पंपावरची नोकरी गेली. या सगळ्याचे फोटो जगभर छापून आले होते. बातमी म्हणून सांगण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. त्यामुळे रॉकवेलला घटना सांगायची नव्हती; ती कुठे उभं राहून बघायची, एवढंच ठरवायचं होतं.

पद्धत जुनीच ठेवली. स्टॉकब्रिजमधली एक काळी मुलगी मॉडेल म्हणून निवडली. पांढरा फ्रॉक, पांढरे मोजे, पांढरे बूट. चालतानाचा पाय फोटोत स्थिर यावा म्हणून बुटांखाली लाकडाचे ठोकळे ठेवून तिला उभं केलं. लहान मुलगी तेवढा वेळ पाय तिरका धरून उभी राहणं म्हणजे काय, हे ज्यानं कुणी घरच्या मुलाचा शाळेच्या ओळखपत्रासाठी फोटो काढलाय त्याला कळेल.

आता चित्र. आडवं, सुमारे तीन फूट बाय पावणेपाच फूट. मुलगी डावीकडे चालली आहे, म्हणजे पान वाचणाऱ्या नजरेच्या उलट दिशेनं. हातात पट्टी, पेन्सिली, वही-पुस्तक. दोन मार्शल पुढे, दोन मागे, दंडावर पिवळ्या पट्ट्या, पावलं एका ठेक्यात. आणि त्यांना डोकी नाहीत. चौकट त्यांच्या खांद्यांवरच कापली आहे. याचा पहिला परिणाम असा की आपली नजर आपोआप मुलीच्या उंचीवर येते. दुसरा परिणाम जरा उशिरा जाणवतो: हे संरक्षण म्हणजे कुणी दयाळू काका नाहीत, हा कायदा आहे, त्याला चेहरा नाही, फक्त मुठी आणि एकाच्या खिशात कोर्टाचा कागद आहे. मागच्या भिंतीवर मुलीच्या डोक्यावर काळ्यांना हिणवणारी ती शिवी खरडलेली, कडेला ‘केकेके’, म्हणजे कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वंशद्वेष्ट्या संघटनेची अक्षरं. तिच्या मागे भिंतीवर टोमॅटो फुटून खाली ओघळलाय. फिकट करड्या-पिवळ्या रंगांत तो लाल डाग रक्ताचा नाही हे कळायला क्षणभर लागतो.

आणि जमाव? जमाव नाहीच. छायाचित्रांत ओरडणारे चेहरे होते. आपल्याला वाटतं, रॉकवेल असल्या चेहऱ्यांवर तुटून पडेल. आयुष्यभर त्यानं भुवया आणि ओठांचे कोपरे रंगवलेत. त्यानं एकही चेहरा ठेवला नाही. टोमॅटो आला तो आपल्या बाजूनं. जमाव जिथे उभा होता तिथे आता अंक हातात धरलेला वाचक बसला आहे. 1916 पासून चित्राच्या आत उभा केलेला बघणारा या वेळी त्यानं बाहेर काढला आणि त्याची जागा आपल्याला दिली. शीर्षकात ‘आपण सगळे’ आहेच: हा प्रश्न आपण सगळेच भोगतोय, अशा अर्थाचं.

आणखी एक गोष्ट त्यानं वगळली. पहिल्या दिवशी रूबीची आई तिच्याबरोबर होती. चित्रात ती नाही. खरं तर आईसकट चित्र अधिक खरं झालं असतं आणि, माझ्या मते, अधिक दुबळं. मग आपण आई-मुलीच्या नात्यात शिरलो असतो आणि जबाबदारीतून सुटलो असतो. तरीही त्या बाईंच्या बाजूनं पाहिलं तर हा अन्यायच आहे. मुलीला त्या शाळेत घालायचा हट्ट मुळात आईचा होता.

परिणाम

14 जानेवारी 1964 च्या लुकमध्ये चित्र दोन पानांवर छापून आलं. पत्रांचा ढीग आला, आणि तो दोन्ही बाजूंचा होता. काहींनी आभार मानले. काहींना आपला आवडता, घरगुती चित्रकार आपल्यावर उलटल्यासारखं वाटलं, आणि त्यांनी ते सभ्य भाषेत लिहिलं नाही. मला ही रागाची पत्रं महत्त्वाची वाटतात. हेच चित्र एखाद्या चळवळीतल्या तरुणानं काढलं असतं तर या लोकांनी पान उलटलं असतं. पण समोर सही होती ती टर्कीचं ताट रंगवणाऱ्याची. त्या माणसावर घरात शिरायची बंदी नव्हती. तो आधीच आत होता.

पुढच्या वर्षी त्यानं आणखी कठीण विषय घेतला. 21 जून 1964 रोजी मिसिसिपी राज्यात काळ्यांच्या मतदारनोंदणीसाठी झटणाऱ्या जेम्स चेनी, अँड्र्यू गुडमन आणि मायकल श्वर्नर या तिघा तरुणांचा खून झाला. रॉकवेलनं रंगांचा कच्चा आराखडा केला, हर्लबर्टला दाखवला, मग आठवडे घालून मोठं चित्र पूर्ण केलं. मारेकरी त्यात दिसत नाहीत, उजवीकडून जमिनीवर त्यांच्या फक्त सावल्या पडल्यात. हर्लबर्टनं पूर्ण चित्र बाजूला ठेवलं आणि तो कच्चा आराखडाच छापला. कल्पना करा: पन्नास वर्षं गुळगुळीत कामासाठी नावाजलेला माणूस, आणि त्याचं सगळ्यात ओबडधोबड काम छापून येतंय. पुढे त्यानं मान्य केलं की कच्च्या चित्रातला राग पक्क्या चित्रापर्यंत येईतो निघून गेला होता.

1967 साली गोऱ्यांच्या वस्तीत नव्यानं राहायला आलेल्या काळ्या कुटुंबातली दोन मुलं आणि त्यांना न्याहाळणारी शेजारची तीन गोरी मुलं, असं एक चित्र लुकमध्येच आलं. मधे फूटभर रिकामी जागा, दोन्ही बाजूंना बेसबॉलचे हातमोजे. त्यात तो पुन्हा आपल्या ओळखीच्या अंगणात आहे.

पैशाच्या हिशेबानं निर्णय कसा ठरला? 1969 च्या सुरुवातीला पोस्ट बंद पडलं (पुढे वेगळ्या रूपात सुरू झालं). लुक 1971 मध्ये बंद झालं. म्हणजे ज्या सुरक्षिततेसाठी थांबायचं, ती जेमतेम सहा वर्षं टिकणार होती. हे 1963 साली कुणालाच दिसत नव्हतं, म्हणून त्याचं श्रेय रॉकवेलच्या दूरदृष्टीला देऊ नये.

1977 साली अध्यक्ष फोर्ड यांनी त्याला राष्ट्राध्यक्षांचं स्वातंत्र्यपदक दिलं. पुढच्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, 84 व्या वर्षी, तो स्टॉकब्रिजमध्ये वारला. समीक्षकांचा सूर बदलायला आणखी वीसेक वर्षं लागली. 2001 साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात, म्हणजे अमूर्त चित्रांच्या गाभाऱ्यात, त्याचं प्रदर्शन भरलं. प्रार्थना करणाऱ्या म्हातारीचं चित्र डिसेंबर 2013 च्या लिलावात 4 कोटी 60 लाख डॉलरला गेलं.

लोकांना ही चित्रं किती हवीशी वाटत, याचा मला आवडणारा पुरावा मात्र वेगळाच आहे. 1954 सालचं एक मुखपृष्ठ: ट्रकच्या पायरीवर बसलेला शेतकरी बाप आणि कॉलेजला निघालेला मुलगा, मुलाच्या मांडीवर डोकं ठेवलेला कुत्रा. दोघं दोन दिशांना बघताहेत. हे मूळ चित्र रॉकवेलच्या ओळखीच्या एका व्यंगचित्रकारानं 1960 साली 900 डॉलरला घेतलं. पुढे घटस्फोटाची भानगड उपटली तेव्हा त्यानं गुपचूप हुबेहूब नक्कल केली, नक्कल बाहेर ठेवली आणि मूळ चित्र घरात खोट्या भिंतीमागे दडवलं. नक्कल वर्षानुवर्षं मूळ म्हणून नावाजली गेली, संग्रहालयातही टांगली गेली. जाणकारांना रंग थोडे खटकत होते. साफसफाई नीट झाली नसेल, असं म्हणून त्यांनी मनाची समजूत घातली. तो माणूस गेल्यावर 2006 साली मुलांनी भिंत सरकवली. त्याच वर्षी मूळ चित्र 1 कोटी 54 लाख डॉलरला विकलं गेलं.

रूबीचं चित्र 2011 साली काही महिने व्हाइट हाउसमध्ये, अध्यक्षांच्या कार्यालयाबाहेर टांगलं होतं. त्या जुलैमध्ये 56 वर्षांच्या रूबी ब्रिजेस तिथे आल्या आणि ओबामांबरोबर चित्रासमोर उभ्या राहिल्या. तुम्ही लोक नसता तर कदाचित मी इथे नसतो, अशा अर्थाचं ओबामा त्यांना म्हणाले.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठा आक्षेप उशिराचा. शाळांतला वंशभेद बेकायदा ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 1954 चा. तेव्हा रॉकवेल साठीचा, नावाच्या शिखरावर. पोस्टला त्याची गरज त्याला पोस्टच्या असलेल्या गरजेपेक्षा जास्त होती. तेव्हा त्यानं आग्रह धरून पाहिला असता तर? निदान वेटर सोडून दुसऱ्या कामातला एक काळा माणूस मुखपृष्ठावर आणता आला असता. एप्रिल 1961 च्या मुखपृष्ठावर त्यानं निरनिराळ्या वंशांची आणि धर्मांची माणसं एकत्र उभी केली आणि पोस्टनं ते छापलं. म्हणजे कडी आतून तितकीशी घट्ट लावलेली नव्हती. ढकलून पाहिलं गेलं नव्हतं.

याच्या उलटही बोलता येतं. सत्तेचाळीस वर्षं घराघरांत कमावलेला विश्वास नसता तर 1964 च्या चित्राला इतकी धार आली नसती. हे खरं आहे, पण ते सांगताना माझी जीभ अडखळते. त्या विश्वासाची किंमत ज्यांना चित्रांतून बाहेर ठेवलं त्यांनी मोजली, रॉकवेलनं नाही.

दुसरी गोष्ट परवानगीची. रूबीची आणि रॉकवेलची भेट कधी झाली नाही. जिचं बालपण त्यानं देशासमोर टांगलं, तिला किंवा तिच्या घरच्यांना विचारणं त्या काळी कुणाच्या डोक्यातही आलं नसावं. आज एखादा मराठी संपादक असं चित्र छापायला घेईल तर पहिला फोन त्या घरी करेल, निदान करावा.

तिसरी, मिसिसिपीच्या चित्राची. हर्लबर्टनं कच्चा आराखडा आधी पाहिला तेव्हाच ‘हाच छापू’ म्हणायला हवं होतं. म्हाताऱ्या माणसाचे इतके आठवडे वाचले असते. पण मग पक्कं चित्र झालंच नसतं, आणि दोन्ही शेजारी ठेवून राग कुठे सांडला हे आपल्याला बघता आलं नसतं. चित्रकलेच्या विद्यार्थ्यांना ही जोडी दाखवली की वर्गात नेहमी वाद होतो. निम्म्यांना पक्कं आवडतं. मीही पूर्वी त्यांच्यात होतो.

हल्ली मात्र या सगळ्या चित्रांत मी परत जातो ते 1946 च्या डायनिंग कारकडे. मुलगा बिलात गढलेला. वेटर त्याच्याकडे बघतोय, ओठांवर हसू आहे. मुलाची फजिती त्याला कळलीय, आणि आपल्याला कळलीय हे तो मुलाला कळू देत नाहीये. नियमानं घालून दिलेल्या जागेत उभा असलेला तो माणूस सबंध चित्रात एकटाच सगळं बघतो आहे.